ध्वनिमुद्रिकेचा लेखनिक

सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या लावण्या बाडांतून मिळतात. त्यांचा आवाज मात्र कोठेंच उरला नाहीं. १९४७ सालच्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या बोलपटाचें संगीत वसंत देसाई यांचें आहे. तें पेशवाईंतील गायनाचा पुरावा मानतां येत नाहीं.

परंतु मूळ आवाज मुद्रित असला, तरी तो जसाच्या तसा असतो काय? बाड तपासतांना आपण लेखनिकाचा हात ओळखतों. मुद्रिकेचा लेखनिक म्हणजे ध्वनिग्राहक. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान कर्ण्यांत गाइल्या. कर्णा अतिमंद्र व अतितार ध्वनि गाळीत असे. १९१६ सालीं अमेरिकेंत वेंट यांनीं कंडेन्सर मायक्रोफोन सिद्ध केला. त्यांत ताणलेला पातळ पडदा व त्यामागें धातूची स्थिर चकती असते. ध्वनीनें पडदा हालला कीं दोहोंतील अंतर, व त्याबरोबर विद्युद्धारणा, बदलते. त्यापासून विद्युत्‌संकेत मिळतो. पडदा हलका, म्हणून श्वास व दालनाचा घुमारा हेहि उमटतात. संकेत क्षीण, म्हणून वर्धक जवळच लागतो. दमट हवेनें खरखर येते. १९२५ सालीं पाश्चात्त्य कंपन्यांनीं विद्युत्-मुद्रण सुरू केलें. तथापि सर्वच मुद्रिका कंडेन्सरावर झाल्या नाहींत.

तात्पर्य, एकाच गायकाच्या दोन्ही पद्धतींच्या मुद्रिकांत भेद दिसल्यास तो गळ्याचा कीं यंत्राचा, हें प्रथम ठरवावें. संग्राहकांनीं साल व मुद्रणपद्धति नोंदवावी. आज सोलापुरांत लावणी मुद्रित करणारानें ध्वनिग्राहकाचा प्रकार व गायकापासूनचें अंतरहि टिपावें. नाहीं तर लेखनिकाचा दोष गायकाच्या माथीं बसेल.