रुपया ते रियाल : हाजींच्या शिदोरीचा इतिहास



हज हे ऐपत असणाऱ्यावरच फर्ज आहे, हे आपण सर्वजण जाणतो. ऐपत म्हटली की पैसा आला, आणि परक्या मुलखात जायचे म्हटले की पैसा बदलणे आले. आपल्या वाडवडिलांनी हा व्यवहार कसा केला, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

निजामशाहीच्या काळात अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) समुद्राकडील दार म्हणजे चौल बंदर. तेथून जहाजे आखाताकडे आणि तांबड्या समुद्राकडे जात. निजामशाहीची तांब्याची नाणी देशावरच्या बाजारात चालत, परंतु परदेशी व्यापाऱ्याला चांदी लागे. म्हणून कोकणच्या बंदरांत इराणमधील लार या गावाच्या नावाने ओळखली जाणारी ‘लारी’ चाले. ती गोल नसून दुमडलेल्या चांदीच्या तारेची असे. तिचे मोल ठरे ते चांदीचे वजन आणि कस पाहून. ही पारख करणारा तो सराफ. हा शब्द अरबीतील ‘सर्राफ’, म्हणजे नाणी बदलून देणारा, यावरून आपल्याकडे आला. नाणे बदलताना तो जी कसर कापून घेई, ती ‘बट्टा’. आज आपण ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो, तेव्हा सराफाच्या पेढीवरचा शब्द वापरतो, हे कितीजणांच्या लक्षात येते?

इंग्रजी अमलात 1835 मध्ये एक तोळा वजनाचा चांदीचा रुपया सर्वत्र सुरू झाला. हा रुपया आखाती देशांत रोजच्या व्यवहारात चालू लागला. जिद्दा आणि मक्का येथील सराफांनाही तो चांगला परिचित होता. त्यामुळे मुंबईहून बोटीने निघालेल्या हाजीला रुपया घेऊन जाण्यात फारशी अडचण नव्हती.

सौदी अरेबियाचा रियाल चांदीचा होता. एक हजार रियाल म्हणजे अकरा किलोहून अधिक ओझे! हे ओझे वाहणे यात्रेकरूंना कठीण जाई. तेव्हा 1952 मध्ये स्थापन झालेल्या तेथील मध्यवर्ती संस्थेने 1953 मध्ये खास हाजींसाठी दहा रियालच्या कागदी पावत्या काढल्या. लोकांनी त्या नोटांप्रमाणेच वापरल्या. सौदी अरेबियात कागदी चलन रुजले ते असे हाजींच्या सोयीतून. पुढे 1961 मध्ये तेथे रीतसर नोटा निघाल्या.

आपल्याकडे मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला. सोन्याचे चोरटे व्यापारी भारतीय नोटा आखातात नेऊन त्यांवर सोने घेत. त्या नोटा बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि त्यांच्या बदल्यात आपल्या देशाला पौंड मोजावे लागत. यावर उपाय म्हणून 1959 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या. त्याच वर्षी हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढण्यात आल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ ही इंग्रजी अक्षरे असत. सौदी अरेबियात त्या देऊन रियाल घेता येत, परंतु भारतातील बाजारात त्या कायदेशीर चलन नव्हत्या. रुपया तोच, नाव तेच. पण गावच्या दुकानदाराने ती नोट घेण्याचे कारण नव्हते! पुढे या नोटा बंद झाल्या.

6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव 4 रुपये 76 पैशांवरून 7 रुपये 50 पैशांवर गेला. म्हणजे शंभर डॉलरच्या खर्चासाठी ज्याने 476 रुपये साठवले होते, त्याला एका रात्रीत आणखी 274 रुपये कमी पडले. बैल, दागिना विकून जमवलेल्या पैशाची ही गत! त्यांचा काहीही दोष नव्हता. दूरच्या निर्णयाचा फटका घरातल्या गाठोड्याला कसा बसतो, हे यावरून दिसते.

त्यानंतर दीर्घकाळ परकीय चलनावर कडक निर्बंध होते. 1973 चा कठोर कायदा जाऊन 1 जून 2000 पासून सौम्य कायदा अमलात आला. हजच्या बोटी 1995 मध्ये थांबल्या आणि प्रवास विमानाने होऊ लागला. रियालचा भाव मात्र 1986 पासून एका डॉलरला 3.75 असा बांधलेला आहे. यास्तव ज्याला रियाल घ्यावयाचे आहेत, त्याने डॉलरच्या भावावर नजर ठेवावी. तो चढला की रियालही महाग होतो.

या इतिहासातून आपण काय घ्यावे? चलन अधिकृत ठिकाणीच बदलावे, पावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव वेगळा असतो; त्यातील फरक हाच आजचा बट्टा. तो आधी विचारून घ्यावा. शिदोरी बांधताना भाव चढेल हे गृहीत धरून थोडे जास्त बाजूला ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरातून कोणी हजला, नोकरीसाठी आखातात किंवा शिक्षणासाठी परदेशी निघाले, तर हा हिशेब तुम्ही कागदावर मांडून द्या. शाळेत शिकलेले त्रैराशिक आणि शेकडेवारी याच कामाची आहे. वडीलधाऱ्यांनी कष्टाने जमवलेल्या पैशातला एकही रुपया अज्ञानापायी वाया जाऊ न देणे, ही तुमच्या शिक्षणाची खरी परीक्षा होय.