वैतरणेचें पाणी आणि डोंगरावरचें शेत



जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची हकीकत सांगण्यापूर्वीं एक साधें गणित मांडतों. मास्तरकीची जुनी संवय आहे, क्षमा असावी. एक एकर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे सुमारें ४,००० लिटर पाणी पडलें. सह्याद्रीच्या या उतारावर वर्षाकाठीं सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे एकरीं १ कोटि २० लाख लिटर! उन्हाळ्यांत त्याच एकरांत भाजीपाला करावयाचा, तर दररोज २०,००० लिटर पुरेसें होतें. हिशेबानें हें पाणी सहाशें दिवस पुरावें. प्रत्यक्षांत मात्र फाल्गुन उजाडला कीं पाड्यांवरील स्त्रिया हंडे घेऊन झऱ्याची वाट धरतात, आणि कित्येक पाड्यांना टँकरची प्रतीक्षा करावी लागते.

असें कां व्हावें? काळा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पडलेलें पाणी मुरत नाहीं. तें पिंजाळ, वाघ आणि वैतरणा या नद्यांतून धांवत सुटतें. जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्य बदललें, पण शेती पावसावरच राहिली. भात, नागली, वरई पदरांत पडली कीं घरेंच्या घरें वीटभट्ट्यांवर कामाला जावयाचीं, हा क्रम आजहि पुष्कळ ठिकाणीं चालू आहे. अंगीं कसब नाहीं म्हणून नव्हे. दिवाळीनंतर शेताला पाणी नाहीं म्हणून.

पाणी अडवून वांटण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाहीं. खानदेशांत पांझरा नदीवर फडपद्धति शतकानुशतकें चालत आली. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडांत एकच पीक. पाणी पाटकऱ्यानें सोडावयाचें, राखण जागल्यानें करावयाची आणि पाटांतील गाळ सर्वांनीं मिळून काढावयाचा. महात्मा फुले यांनींहि १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत तालीबंधारे घालून पाणी शेतांत मुरवावें, अशी सूचना सरकारला केली होती.

या डोंगरांतील मोठें पाणी मात्र दुसऱ्या वाटेनें गेलें. तानसा तलावाचें पाणी १८९२ सालीं मुंबईस पोंचलें. पुढें वैतरणेवर १९५७ सालीं मोडकसागर आणि १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणा झालें. २०१४ सालीं मोखाडा तालुक्यांत कोचाळे येथील मध्य वैतरणा धरण मुंबईकरांस अर्पण झालें. सुमारें १०२ मीटर उंचीचें हें धरण शहरास दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देऊं शकतें. मुंबईस हें पाणी नको होतें, असें कोण म्हणेल? मीहि तें प्यालों आहें. परंतु धरणाचें पाणी उताराबरोबर खालीं जातें. त्याच्या डोक्यावरच्या पाड्याला तें आपोआप मिळत नाहीं.

म्हणून डोंगरावरच्या शेताचा मार्ग लहान झऱ्यांतूनच जातो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें जव्हारकडे दोन एकरांचें शेत आहे. वरच्या झऱ्यापासून दोन इंची लोखंडी नळ घालून त्यानें मोगरा लावला. कळ्या मुंबईच्या फुलबाजारांत जात. दरवर्षीं पाणी कमी होऊं लागलें. "गुरुजी, झरा आटला. आतां भट्टीवर जावें लागणार," असें तो मला म्हणाला. मीं त्याला घेऊन झऱ्यापर्यंत चढलों. झरा पूर्ववत् वाहत होता! नळ कापून पाहिला, तों आंत गंज चढून वाट जेमतेम एक इंच उरलेली. नळाचा व्यास अर्धा झाला तर पाणी अर्धें येत नाहीं, सुमारें सहावा हिस्साच येतें. हें गणित मीं त्याला शाळेंत शिकविलें नव्हतें.

नवी काळी प्लॅस्टिकची नळी आली, खालीं ठिबक आलें. ही ठिबकाची पद्धति १९६० नंतर इस्रायलांत वाढली आणि १९८० नंतर महाराष्ट्रांत रुजली. थेंब मुळाशीं पडतो, उतारावरून वाहून जात नाहीं. शिवाय झरा उंचावर असल्यानें पंपाचीहि गरज पडली नाहीं. पण पानें-माती अडकून ठिबकाचीं छिद्रें बुजतात. गाळणी वरचेवर धुवावी लागते. एकट्याच्यानें तें होईना. तेव्हां त्यानें खालच्या तिघां शेजाऱ्यांना त्याच नळीवर घेतलें. पाणपाळी ठरली, गाळणी धुण्याचे वार ठरले. नकळत त्यांनीं खानदेशचा पाटकरी आपल्या डोंगरावर आणला होता.

नळी कधींतरी पुन्हा बदलावी लागेलच. पाळी मोडूं दिली नाहीं, तर ती बदलण्यास चौघे असतील. गेल्या हिवाळ्यांत तो भट्टीवर गेला नाहीं. त्याची मुलगी वर्षभर शाळेंत होती. माझ्या दृष्टीनें त्या नळीचा हिशेब तेथें पुरा झाला.