अकरा महिन्यांचा कागद : नव्या घरमालकासाठी ओळीवार भाष्य

निवृत्तीच्या पैशातून घेतलेला दुसरा फ्लॅट किंवा मुलगी परगावी गेल्यावर रिकामा पडलेला वरचा मजला, यातूनच महाराष्ट्रातला छोटा घरमालक बहुधा तयार होतो. एजंट छापील मसुदा पुढे ठेवतो, सह्या होतात आणि कागद कपाटात जातो. तो वाचला जातो भांडण झाल्यावर. या कागदाने मालकाला दिलेले बळ त्याने आधी पाळलेल्या कर्तव्यांवर उभे असते, हे भाष्याचे प्रतिपाद्य आहे. नेहमीच्या मसुद्यांत ज्या आशयाची वाक्ये असतात, त्यांतली सहा क्रमाने घेतली आहेत.

१. ‘लिहून देणार यांनी सदर सदनिका केवळ वापरण्यास दिली असून लिहून घेणार यांस भाडेकरूचे हक्क मिळणार नाहीत.’

या ओळीमागे मोठा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले. ते टाळण्यासाठी मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’कडे वळले. पुढे दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ‘एकदा दिलेले घर परत मिळत नाही’ ही धास्ती तेव्हापासून घराघरांत बसली आणि कित्येकांनी फ्लॅट कुलूपबंद ठेवणे पसंत केले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने (१९९९) कलम २४ मध्ये लायसन्सवर दिलेले राहते घर परत मिळवण्याची स्वतंत्र वाट दिली. त्या वाटेवर लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून जे ठरले ते सगळे कागदावर उतरले पाहिजे. तोंडी ठरलेल्या गोष्टीला हे बळ नाही.

२. ‘सदर परवानगीची मुदत अकरा महिने राहील.’

अकराच का? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवण्यासाठी एक महिना कमी करण्याची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र या युक्तीचा उपयोग नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवला नाही, तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

इथे नवा मालक विचारतो, ‘स्टॅम्पपेपरवर नोटरी केली, ती पुरणार नाही का?’ नाही पुरणार. आणि पैसे वाचवण्यासाठी हे करत असेल, तर हिशेब पाहावा. भाडे १५,०००, अनामत ५०,०००, मुदत अकरा महिने. एकूण भाडे १,६५,०००. त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज मिळवायचे आणि बेरजेवर ०.२५ टक्का मुद्रांक शुल्क काढायचे. ते सव्वाचारशे रुपयांच्या आसपास येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या ई-नोंदणीही होते. एवढ्या खर्चासाठी घराच्या ताब्याचा प्रश्न अधांतरी ठेवू नये. याच दराने साठ महिन्यांपर्यंतचा करार करता येतो. चांगले कुटुंब मिळाले, तर दोन-तीन वर्षांची मुदत दोघांनाही निवांतपणा देते.

३. ‘भाडे दरमहा पाच तारखेच्या आत द्यावे.’

भाडे बँकेतूनच घ्यावे आणि पावती द्यावी. नोकरदाराला घरभाडे भत्त्याची करसवलत घेताना पावत्या लागतात. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले, तर मालकाचा पॅन क्रमांकही द्यावा लागतो. तो नाकारणारा मालक समोरच्याचे नुकसान करतो. भाड्याचे उत्पन्न करपात्र आहे. मात्र मालकाने भरलेला महापालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. रंगकाम, प्लंबर यांची बिले त्यापलीकडे वेगळी दाखवता येत नाहीत.

४. ‘अनामत रक्कम बिनव्याजी राहील व देणे वजा करून परत केली जाईल.’

बहुतेक कटुता या ओळीतून निघते, कारण ‘देणे’ म्हणजे काय हे मसुद्यात नसते. उपाय चावी देण्याच्या दिवशीच करायचा असतो. दोघांनी मिळून खोल्या फिराव्यात. गीझर चालू करून पाहावा, सिंकखालचा पाइप गळतो का ते हाताने चाचपावे, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, ट्यूब मोजाव्यात, वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढावा. यादी करून दोघांच्या सह्यांनिशी कराराला जोडावी. घर सोडताना तीच यादी हातात घ्यावी. फुटलेले बेसिन हे नुकसान आहे. तीन वर्षांत फिका पडलेला रंग किंवा झिजलेला नळाचा वॉशर ही वापराची झीज आहे आणि तिचा खर्च मालकाने सोसावा. अनामत मालकाकडे असते, पण पैसा दुसऱ्याचा असतो. ती खर्चून बसलेला मालक परत करताना कारणे शोधू लागतो. केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमध्ये राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक नाही, पण माप म्हणून योग्य आहे.

५. ‘सोसायटीचा देखभाल खर्च लिहून देणार भरतील, वीजबिल लिहून घेणार भरतील. पाहणीसाठी घरात येण्याचा हक्क लिहून देणार यांस राहील.’

सोसायटी भाड्याने दिलेल्या घरावर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि महापालिकेचे कर त्या सेवाशुल्कात धरायचे नसतात. सोसायटीला लेखी कळवावे, कराराची प्रत द्यावी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवावी.

पाहणीचा हक्क जपून वापरायचा आहे. आधी फोन करून, त्यांच्या सोयीची वेळ विचारूनच जावे. डुप्लिकेट चावीने परस्पर दार उघडू नये. मुदतीपुरते ते घर त्यांचे आहे. त्यांच्या ताटात काय आहे आणि पाहुणे कोण येतात, हा मालकाचा विषय नाही. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे तर मुळीच नको. तसे करणारा मालक तक्रारदार असतानाच स्वतः आरोपी होऊ शकतो.

६. ‘मुदत संपताच लिहून घेणार यांनी शांततेने ताबा द्यावा, न दिल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी.’

दुप्पट भरपाईची तरतूद कलम २४ मध्येच आहे. ताब्यासाठी अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन, बाजू मांडायची परवानगी राहणाऱ्याने मागावी लागते. ही वाट नेहमीच्या दिवाणी दाव्याहून जवळची आहे. ती खुली राहण्यासाठी आधीची प्रत्येक ओळ पाळलेली असावी लागते. मुदत संपूनही जुन्याच करारावर भाडे घेत राहणारे मालक इथे स्वतःची बाजू कमकुवत करतात. राहणाऱ्याला ठेवायचे असेल, तर मुदत संपण्याच्या महिनाभर आधी बोलणी करून नवा करार नोंदवावा. ठेवायचे नसेल, तर तेव्हाच लेखी कळवावे, म्हणजे त्यालाही घर शोधायला वेळ मिळतो.

नोंदणी, पावती, यादी, आगाऊ सूचना ही चारही कामे मालकाच्या हातातली आहेत. पहिलाच करार करणाऱ्याने सहीच्या आदल्या दिवशी मसुद्याची प्रत समोरच्याला द्यावी, एकत्र बसून ओळन् ओळ वाचावी आणि न पटलेली ओळ तिथेच बदलून घ्यावी.