बिनगिअरच्या गाडीचा गिअर

हैदराबादेत बर्फ बघायचा तर लोअर टँक बंडवरच्या स्नो वर्ल्डचं तिकीट काढावं लागतं. अशा गावात स्नोमोबाइलची गोष्ट कोण ऐकणार? पण बर्फावरच्या या गाडीचा जो भाग शर्यतीत तिचं नशीब ठरवतो, तोच काचीगुड्यापासून कोठीपर्यंत दिसणाऱ्या प्रत्येक गिअरलेस स्कूटरच्या डाव्या अंगाला, झाकणाखाली बसलेला आहे. दोन पुल्या आणि त्यांच्यावरून फिरणारा रबरी पट्टा, म्हणजे बोलीतला बेल्ट. एवढाच ऐवज.

स्नोमोबाइलची शर्यत बर्फावरच होते असंही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात सप्टेंबरात, बर्फ पडायला अजून अवकाश असताना, लोक या गाड्या चक्क गवतावर पळवतात. ‘स्नो बॅरन्स’ या क्लबची ‘हे डेज’ ही जत्रा 1967 पासूनची. धाव सरळ रेषेतली, साधारण 500 फुटांची. काही सेकंदांत निकाल. बर्फासाठी घडवलेली गाडी गवतावर आणली की तिचं सगळंच बिघडतं. गाडीखालच्या धावपट्ट्याने उडवलेला बर्फ अंगावर येईल आणि इंजिन थंड होईल, असा मूळ हिशेब. गवतावर तो चुकतो, म्हणून दोन धावांच्या मधे बर्फाचं पाणी भरलेली ढकलगाडी जोडून इंजिन निववतात. खालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बर्फाच्या ओलीवर घसरतात, कोरड्यात वितळतात. म्हणून तिथे जादा चाकं बसवतात. जमीन धरावी म्हणून धावपट्ट्याला अणकुचीदार खिळे. थंडीसाठी लावलेला कार्बोरेटरचा जेट उन्हाळी, विरळ हवेत पेट्रोल जास्त पाजतो. तो लहान करायचा, पण फार लहान केला की पिस्टन जाम.

हे सगळं झालं तरी शर्यत जिंकून देतो तो बेल्टच.

मेकॅनिकने ॲक्टिवाचं डावं झाकण काढलं की ही करामत उघड्यावर दिसते. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन तिरप्या थाळ्या. थाळ्या जवळ आल्या की बेल्ट कडेकडे वर सरकतो, लांब गेल्या की आत उतरतो. पुढच्या पुलीच्या पाठीमागे सहा कप्पे, कप्प्यांत सहा रोलर, प्रत्येकाचं वजन काही ग्रॅम. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, उतरत्या पत्र्यावर चढतात आणि पुढची पुली मिटवतात. बेल्टची लांबी तर वाढत नाही, तेव्हा मागच्या पुलीला स्प्रिंगचा जोर सोसत उघडावं लागतं. गिअर बदलला! कुणी पाय हलवला नाही, मूठ फिरवून आकडा शोधला नाही.

सगळी गंमत रोलरच्या वजनात आहे. रोलर हलके टाकले तर पुली मिटायला इंजिनला जास्त फिरावं लागतं. पिकअप चांगला, पेट्रोल जास्त. जड टाकले तर गाडी लवकर टॉपला जाते आणि मायलेज देते, पण जुबिली हिल्सच्या चढावर रडते. जुना रोलर हातात घेऊन पाहा. गोल असायला हवा तो एका बाजूने सपाट झिजलेला असतो. मग तो फिरत नाही, घसरतो. आणि मालक म्हणतो, ‘गाडी उचलत नाही.’ स्नोमोबाइलमध्ये रोलरऐवजी बिजागरीवर हलणारी वजनं असतात, नियम मात्र तोच. गवताच्या शर्यतीसाठी मेकॅनिक ही वजनं ग्रॅमाग्रॅमाने घासतो आणि पुढची स्प्रिंग कडक घालतो, म्हणजे बेल्ट पकडेपर्यंत इंजिन भरपूर चढलेलं असतं आणि पूर्ण ताकदीच्या फेऱ्यांवरच शेवटपर्यंत राहतं. एवढ्यासाठी माणसं रात्र जागवतात, यात मला काही वेडेपणा वाटत नाही.

या कुळाचा मूळपुरुष मात्र गाडीत जन्मलेला नाही, लाकूड कापायच्या गिरणीत आहे. अमेरिकेत इंडियानातल्या कोलंबस गावी मिल्टन रीव्हज याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करवतीचा वेग कमी-जास्त करता यावा म्हणून उघडझाप करणारी पुली बनवली आणि पुढे ती आपल्या मोटारीत घातली. माणूस तऱ्हेवाईकच. 1911 मध्ये त्याने आठ चाकांची मोटार काढली. गिऱ्हाइक मिळालं नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये झेनिथ कंपनीच्या ‘ग्रॅड्युआ’ मोटारसायकलला अशीच पुली होती, ती टाकीवरच्या हँडलने फिरवायची. चढाच्या शर्यतींत ही गाडी इतरांना हरवू लागली, तेव्हा काही क्लबांनी तिला बंदीच घातली. कंपनीने काय करावं? आपल्या बोधचिन्हातच ‘बंदी’ हा शब्द कोरून मिरवला. 1914 मध्ये ‘रज मल्टी’ मोटारसायकलने आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली, तीही अशाच पुलीवर.

पण हे सारं हाताचं काम. आपोआप चालणारी पुली दुचाकीत आली ती कॅलिफोर्नियात, 1930 च्या दशकात, साल्सबरीच्या ‘मोटर ग्लाइड’ स्कूटरमध्ये. म्हणजे स्कूटर थोरली आणि स्नोमोबाइल धाकटी. क्वेबेकमधल्या वालकूरच्या जोसेफ-अरमान बोंबार्दिए यांनी ‘स्की-डू’ बाजारात आणली ती 1959 मध्ये. (1934 च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद असल्याने त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इस्पितळापर्यंत पोहोचू शकला नाही आणि गेला, बर्फावर चालणारं वाहन हा या माणसाचा हौसेचा विषय नव्हता.) स्नोमोबाइलचा बाजार वाढला तसे साल्सबरीचे बेल्ट-क्लच तिच्यातही बसू लागले.

चुलत घराणं हॉलंडमधलं. हुब व्हान दोर्ने यांनी 1958 मध्ये ‘डाफ’ मोटारीत हाच बेल्ट घातला. तिला रिव्हर्सचा वेगळा गिअर नसल्याने ती जितकी जोरात पुढे जाई तितकीच मागेही. डच लोकांनी मग उलट्या मोटारींच्या शर्यती भरवल्या! 1993 मध्ये विल्यम्सने फॉर्म्युला वनच्या गाडीत हे यंत्र चाचणीला घेतलं, आणि पुढच्या मोसमापासून नियमानेच ते बाद झालं. झेनिथनंतर दुसऱ्यांदा.

आपल्याकडे हे कूळ आलं मराठी मुलखातून. हस्तीमल फिरोदियांच्या पुण्याच्या कायनेटिकने 1972 मध्ये लुना आणली होती. 1984 मध्ये जपानच्या होंडाशी हातमिळवणी करून इंदूरजवळ पिथमपूरला कायनेटिक होंडा सुरू झाली. 98 सीसी, टू-स्ट्रोक, बटन दाबून चालू होणारी. तोवर स्कूटर म्हणजे डाव्या मुठीत गिअर, आणि सकाळी तिला तिरकी करून मग किक मारणं. ही गाडी साडी नेसूनही चालवता आली. मला विचाराल तर आपल्या रस्त्यांवर बायकांच्या हाती हँडल देण्यात भाषणांपेक्षा या बेल्टचा वाटा मोठा आहे. ‘किती देते?’ या प्रश्नाला तिच्याकडे फारसं उत्तर नव्हतं, हेही खरं. मुंबईच्या आसपास पावसाळी स्कूटर रॅली भरू लागल्या, त्यांत चिखलातून गाडी काढायची तर पहिला विचार रोलरचाच. मिनेसोटाचं गवत आणि आपला चिखल, तक्रार एकच.

1998 मध्ये होंडा बाहेर पडली, 2001 मध्ये स्वतःची ॲक्टिवा घेऊन आली आणि बेल्ट घरोघरी गेला. आता तो जायच्या वाटेवर आहे. 11 फेब्रुवारी 2023 ला हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई झाली; त्या विजेच्या गाड्यांना बदलायला गिअरच नव्हता. 2025 मध्ये कायनेटिकने कायनेटिक होंडाचं डीएक्स हे जुनं नाव पुन्हा रस्त्यावर आणलं, तेही विजेवर; तिच्यात रोलर नाहीत, बेल्ट नाही.

पेट्रोलची स्कूटर अजून वापरत असाल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला डावं झाकण उघडताना जवळ उभे राहा आणि नवे रोलर किती ग्रॅमचे घातले, ते विचारून घ्या.