आंबेडकर, डॉ. बाबासाहेब : विधिमंडळीय सन्मान आणि भंडारा-गोंदिया

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री आणि अस्पृश्यांच्या नागरी हक्कांचे अग्रणी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१–६ डिसेंबर १९५६) यांचा संसदेने व महाराष्ट्र विधिमंडळाने मरणोत्तर केलेला गौरव. या इतिहासात आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या परिसराला विशेष स्थान आहे. बाबासाहेबांनी लोकसभेसाठी दिलेली अखेरची लढत भंडारा मतदारसंघातली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातील तहसील होती. १ मे १९९९ रोजी तिचा स्वतंत्र जिल्हा झाला.

विधिमंडळातील कार्य : १९२७ पासून बाबासाहेबांनी मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात काम केले. महार वतन आणि खोती या दोन्ही जाचक पद्धतींविरुद्ध त्यांनी विधेयके मांडली. हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत पराभव झाल्यावर ते राज्यसभेवर गेले व अखेरपर्यंत तेथे सदस्य राहिले.

भंडारा पोटनिवडणूक (१९५४) : मूळ निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवल्याने ही पोटनिवडणूक झाली. खटल्यात दोन मुद्दे होते. सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी हे विडी उद्योगातील एका पेढीचे भागीदार होते. पेढीचा सैनिकांसाठी विड्या पुरवण्याचा सरकारशी करार असल्याने ते अपात्र ठरले. दुसरा मुद्दा अनुसूचित जातींसाठीच्या राखीव जागेचा. गंगाराम ठवरे यांनी महानुभाव पंथ स्वीकारला, म्हणजे ते महार राहिले नाहीत, या कारणावरून त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता. पंथ बदलला तरी ते महारच राहिले, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

मतदारसंघ द्विसदस्य होता. प्रत्येक मतदाराला दोन मते असत. ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेवर बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे राहिले. प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी प्रचारसभा घेतल्या. काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी विजयी झाले. सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी जिंकली. १९३२ च्या पुणे करारानंतर राखीव जागेचा निकालही सर्व जातींच्या मतांवर ठरू लागला होता. त्याआधी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी करताना बाबासाहेबांना हीच अडचण दिसत होती.

संसदेची श्रद्धांजली : ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा संसदेचे अधिवेशन चालू होते. लोकसभेत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी, हिंदू समाजातील सर्व जुलमी प्रथांविरुद्धच्या बंडाचे प्रतीक म्हणून त्यांचा गौरव केला. पुढे संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभारण्यात आला. एका हाती राज्यघटना आणि दुसऱ्या हाताचे बोट समोर, अशी ही मुद्रा आहे. राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी २ एप्रिल १९६७ रोजी त्याचे अनावरण केले. २०२४ मध्ये हा पुतळा आवारातीलच प्रेरणा स्थळावर हलवण्यात आला. मध्यवर्ती सभागृहातील तैलचित्राचे अनावरण पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या हस्ते १२ एप्रिल १९९० रोजी झाले. त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. १२५ व्या जयंतीवर्षात, २६ व २७ नोव्हेंबर २०१५ रोजी, संसदेत राज्यघटनेवर विशेष चर्चा झाली.

महाराष्ट्र विधिमंडळाचा ठराव : २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. अंमलबजावणीसाठी १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नामविस्तार मात्र १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. ठराव सभागृहात एका दिवसात मंजूर झाला. तो समाजाच्या गळी उतरवण्याची किंमत दलितांनी साडेपंधरा वर्षे मोजली.

मूल्यमापन : या सर्व सन्मानांत, बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान देणारी संसदेची १९९० ची कायदादुरुस्ती सर्वांत मोलाची मानावी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. त्यामुळे धर्मांतरितांना अनुसूचित जाती म्हणून केंद्राच्या सवलती व राखीव जागा मिळत नसत. श्रद्धा बदलली म्हणून जातीचे चटके थांबत नाहीत, हे ठवरे यांच्या बाबतीत न्यायालयाने १९५४ मध्येच जाणले होते. बौद्धांच्या बाबतीत संसदेला त्यासाठी आणखी छत्तीस वर्षे लागली. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या बौद्ध कुटुंबांसाठी शिष्यवृत्ती, नोकरी व उमेदवारीचा प्रश्न या दुरुस्तीशी थेट जोडलेला होता. आज गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. दुरुस्तीमुळे तेथे बौद्ध उमेदवारालाही हक्काने अर्ज भरता येतो. हक्कांसाठी झिजलेल्या लोकप्रतिनिधीचा सन्मान सभागृहाने कायद्यानेच करायचा असतो.