हौशी रेडिओ : आरंभीचे परवाने व त्यांचे पडसाद

द्रव्यप्राप्तीचा हेतू न ठेवता, केवळ स्वाध्याय व तांत्रिक प्रयोग यांसाठी खाजगी व्यक्तीने चालविलेल्या बिनतारी संदेशवहनास ‘हौशी रेडिओ’ म्हणतात. कलकत्त्याचे अमरेंद्र चंद्र गुप्तू (१९२१) हे भारतातील पहिले हौशी चालक मानले जातात.

परवाना देणे सर्वस्वी सरकारच्या हाती होते. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने विनापरवाना यंत्र जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. परवानाधारकास मोर्स संकेतलिपी यावी लागे. परकीय चालकांशी त्याने केवळ प्रयोगांविषयी व क्षुल्लक वैयक्तिक बाबींविषयी बोलावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक होता. प्रेषक बहुधा त्याने स्वतःच जुळविलेला असे; वेटोळी गुंडाळण्यापासून कंप्रता साधण्यापर्यंतची कामे तो हातांनी शिके. हे कौशल्य मात्र परवान्याबरोबर काढून घेता येण्याजोगे नव्हते.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच सर्व हौशी परवाने रद्द झाले. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे अशाच चालकांपैकी एक. ‘छोडो भारत’ चळवळीत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभारला, त्याचा प्रेषक प्रिंटर यांनी जुळविला. ऑगस्ट १९४२ मध्ये हे केंद्र ४२.३४ मीटर तरंगलांबीवर ऐकू येऊ लागले. ही कंप्रता सु. ७.०८ मेगॅहर्ट्‌झ, म्हणजे हौशी चालकांच्या चाळीस मीटर पट्ट्यातील होय. हा निव्वळ योगायोग नसावा. वृत्तपत्रे मौन धरून असताना वर्धा जिल्ह्यातील आष्टी व चांदा (आता चंद्रपूर) जिल्ह्यातील चिमूर येथील घटना याच केंद्राने सांगितल्या. यवतमाळच्या शेजारच्या जिल्ह्यांतील या गावांवरील दडपशाहीचे वृत्त मुंबईच्या एखाद्या खोलीतून देशभर जाई. क्षुल्लक गप्पांपुरते मान्य केलेले तंत्र असे राजकीय कार्यास लागले.

पोलिसांना चुकविण्यासाठी जागा वारंवार बदलाव्या लागत. अखेर प्रिंटर पकडले गेले व त्यांच्याकडूनच पोलिसांना ठावठिकाणा मिळाला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेख वाडीत प्रक्षेपण चालू असतानाच छापा पडला. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. ज्या हातांनी केंद्र उभे केले, त्यांच्याच दुबळेपणामुळे ते बुडाले. तथापि प्रिंटर यांची तांत्रिक कामगिरी त्यामुळे नाकारता येत नाही.

महायुद्ध संपल्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले. १९४८ मध्ये महू येथे हौशी चालकांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.