दारावरचा आकडा

जुन्या चांदुरात एखाद्या घराची सागवानी चौकट अजून शाबूत असेल, तर तिच्याजवळ घटकाभर थांबावे. वरच्या पट्टीवर रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात. त्यांच्याखाली गेरूने काढलेला एक पुसट आकडा दिसतो. त्याच्या अंगावर निळ्या रंगातला दुसरा, बाजूला खडूचा तिसरा. घर तेच, चौकट तीच, आकडे मात्र वेगळे. दर दहा वर्षांनी कुणीतरी उंबऱ्याशी येऊन, घरातली माणसे विचारून, हा आकडा टाकून गेले आहे. २०१० च्या उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या अमरावती जिल्ह्यात, चांदूर रेल्वेच्या एका वस्तीत असे आकडे मीही टाकले. तेव्हा मी शाळेत मास्तर होतो आणि सरकारी कागदावर प्रगणक. तेव्हापासून या कामाचा मागोवा घेत आलो आहे, कारण गावातल्या प्रत्येक दारापर्यंत, एकही दार न गाळता, जाणारी दुसरी संस्था मला माहीत नाही. रेशन दुकान सगळ्यांच्या दारी जात नाही, शाळा जात नाही, बँक जात नाही. जनगणना जाते.

आपल्याकडे या कामाला तीन शब्द आहेत. सर्वांत जुना शब्द खानेसुमारी. खाना म्हणजे घर. घरांची मोजदाद ती खानेसुमारी. पेशवाईच्या दप्तरांत हा शब्द भेटतो. पुढे शिरगणती आली, तिने माणसांची डोकी मोजली. जनगणना हा आजचा शब्द. मला मात्र खानेसुमारी हाच शब्द या कामाच्या गाभ्याजवळचा वाटतो, कारण आजही माणूस मोजण्याआधी घरच मोजले जाते.

वऱ्हाडातली पहिली रीतसर गणती १८६७ सालची. त्याच वर्षी मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वेची वाट बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव करीत नागपूरला पोहोचली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होते, मालकी निजामाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव येऊन गेला होता आणि तो कापूस मुंबईच्या बंदरावर न्यायला आगगाडी हवी होती. मुलूख किती मोठा, त्यात माणसे किती, हेही नव्या कारभाऱ्यांना ठाऊक करून घ्यायचे होते. त्या गणतीत वऱ्हाडाची लोकसंख्या सव्वाबावीस लाखांच्या आसपास भरली. आल्फ्रेड लायल यांनी १८७० मध्ये वऱ्हाडचे गॅझेटिअर काढले, तेव्हा हेच आकडे त्यांच्या हाताशी होते. चांदूरला मात्र रेल्वेने आकड्याहून जास्त काही दिले, ते म्हणजे नाव. एकाच जिल्ह्यात दोन चांदूर. एक बाजाराचे, दुसरे रेल्वेचे. आजही बाहेरगावी ‘मी चांदूरचा’ म्हटले की समोरचा विचारतो, ‘कोणतं चांदूर?’

१८७२ ला देशात इतरत्र मोजणी झाली, वऱ्हाडात ती पुन्हा घेतली नाही. मग १७ फेब्रुवारी १८८१ ला सगळ्या देशाची गणती एकाच रात्री करण्याचा मोठा घाट घातला गेला. वऱ्हाडचा अहवाल किट्स नावाच्या अधिकाऱ्याने लिहिला. काम केले ते गावच्या पटवाऱ्याने, शाळामास्तराने आणि ज्याला लिहिता येते अशा कुणीही. आधी काही दिवस घरोघर गेरूने नंबर पडत, कच्ची यादी होई. नेमलेल्या रात्री कंदील घेऊन पुन्हा त्याच दारांवरून फिरायचे. त्या रात्री घरात जो आहे तो लिहायचा, जो नाही त्याचे नाव कापायचे. तारीख ठरवताना चांदणे पाहत, जत्रा आणि लग्नाच्या दाट तिथी टाळत. रात्री गाडीत असणाऱ्यांची मोजणी गाडीत आणि फलाटावर होई. गावात राहणाऱ्याबरोबर गावावरून जाणाराही आकड्यात यायचा.

या एका रात्रीच्या पद्धतीने वऱ्हाडाचे जे सर्वांत दुःखद पान लिहिले, ते १९०१ चे. १८९१ ला वऱ्हाडात २८,९७,४९१ माणसे होती. १९०१ ला ती २७,५४,०१६ झाली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी १,४३,४७५ माणसे कमी. मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले होते आणि त्यांच्या मागोमाग पटकी व ताप. १९०१ च्या अहवालाचे काम आर्देशीर दिनशाजी चिनॉय यांच्याकडे होते. तो आकडा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे घरे येतात. आदल्या खेपेला नंबर पडलेले आणि या खेपेला कुणीही ‘ओ’ न दिलेले दार. पांढरीच्या मातीच्या भिंतीचे घर राखणारे माणूस नसले की दोन पावसाळ्यांत खाली बसते. दुष्काळाची वर्णने बरीच वाचली, पण वजाबाकीचा हा आकडा मला त्या सगळ्यांहून जड वाटतो.

पुढच्या खेपा भराभर सांगतो. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत वऱ्हाडाची लोकसंख्या जेमतेम हलली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने वाढ खाऊन टाकली. १९३१ च्या गणतीवर काँग्रेसने बहिष्कार पुकारला, तरी ती झाली. जातवार पूर्ण मोजणी छापून आली ती त्या खेपेला शेवटची. १९४१ ला युद्धाच्या काटकसरीत एका रात्रीची पद्धत कायमची गेली. १९४८ मध्ये जनगणना कायदा झाला. १९५१ ला चांदूरची माणसे मध्य प्रदेशाच्या खात्यावर मांडली गेली आणि १९६१ ला महाराष्ट्राच्या. स्टेशन एक इंचही हलले नाही, पण एका आयुष्यात इथल्या माणसाची गणती वऱ्हाड, मध्य प्रांत व वऱ्हाड, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र अशा चार नावांखाली होऊ शकली. १९६१ पर्यंत अमरावती जिल्ह्यात सहाच तालुके होते आणि चांदूरचा तालुका धामणगावला पोटात घेऊन पसरला होता. पुढे तालुके फुटले. म्हणून जुना तालुक्याचा आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवून ‘लोकसंख्या घटली’ असे म्हणणे चूक ठरते.

१९६१ पासून या संस्थेने घराकडे खऱ्या अर्थाने पाहायला सुरुवात केली. त्याआधी घर म्हणजे नंबर टाकायची जागा होती. आता भिंत कशाची, छप्पर कशाचे, खोल्या किती, असे प्रश्न सगळीकडे सारखे विचारले जाऊ लागले. २०१० च्या घरयादीत, म्हणजे माणसांआधीच्या घरांच्या फेरीत, तर ३५ रकाने होते. त्यात पाणी कुठून येते, उजेड कशाचा, संडास आहे का, सांडपाण्याची नाली बंद की उघडी, चूल कशावर पेटते, रेडिओ, टीव्ही, सायकल, फोन, बँकेत खाते, असे सगळे.

माझ्या वाट्याला आलेल्या गटात तीन तऱ्हांची घरे होती. गावाकडच्या अंगाला मातीच्या भिंती आणि कवेलू. पुढे छपरी, मधघर, मागे सैपाकघर, कडेला ढोरांचा कोठा. मधल्या भागात विटांच्या भिंती आणि वर टिनं. आणि कडेला नवे ले-आऊट, जिथे निम्मे प्लॉट रिकामे आणि उरलेल्यांवर स्लॅबची घरे. एक किलोमीटर चालले की वऱ्हाडच्या घरांचे शंभर वर्षांचे अंतर कापून होई. आधी पूर्ण गटाचा नजरी नकाशा काढायचा; मंदिर, हातपंप, विहीर, गल्ली, बोळ. मी इतकी वर्षे त्या वस्तीतून सायकलने शाळेत जात होतो. पण त्या बोळाच्या आत अजून चार दारे आहेत, हे मला तो नकाशा काढताना कळले.

एका कवेलूच्या घरातली दुपार आठवते. छपरीत बसलेल्या आजींनी बसायला पाट दिला, पाणी दिले. मी विचारले, खोल्या किती?

‘तीन हायेत, पन दोनच लिहा.’

‘का बरं?’

‘तिसरीत कापूस भरला हाये. भाव येईन तवा इकू.’

मी आत डोकावलो. आढ्यापर्यंत पांढरा कापूस, दाराला आडवी फळी. नियम मला पाठ होता. माणूस झोपू शकेल अशी, किमान दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असेल ती राहती खोली. निव्वळ साठवणीची खोली धरायची नाही. पण कापूस विकला की त्याच खोलीत मुलगा-सून झोपणार होते. तोपर्यंत ते छपरीत. मी तीन लिहिल्या आणि आजींना कारण सांगितले. मग विचारले, कुटुंबे किती?

‘पोरगा येगळा जेवते आता. चूल दोन झाल्या.’

हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. जनगणनेची कुटुंबाची व्याख्या ही अशी आहे: एका स्वयंपाकघरात एकत्र जेवणारी, एरवी एकत्र राहणारी माणसे. एका छताखाली दोन चुली असतील तर दोन कुटुंबे लिहायची. ‘वेगळी चूल’ हा आपल्या भाषेतला सर्वांत अवघड शब्दप्रयोग आहे आणि या खात्याने नेमका तोच आपला मोजण्याचा गज केला. मी दोन ओळी भरल्या. घराची अवस्था या रकान्यात तीन पर्याय होते: चांगले, राहण्यायोग्य, मोडकळीस आलेले. आजींनी मला विचारले, ‘काय लिवलं?’ मी ‘राहण्यायोग्य’ म्हणालो. ‘बरं हाये,’ त्या म्हणाल्या, ‘रायतो तं हावोत.’

बंद घरेही पुष्कळ लागली. कुलूप, दारात साचलेला पालापाचोळा. शेजारी सांगत, मुलगा पुण्याला, म्हातारी त्याच्याकडे. घरयादीत कुलूपबंद घरालाही जागा असते. देशभरच्या शहरांत मिळून तेव्हा एक कोटी अकरा लाखांच्या जवळपास घरे रिकामी निघाली. मोठ्या शहरांत त्यांत गुंतवणुकीचे फ्लॅट असतील. आमच्याकडची रिकामी घरे माणसे निघून गेल्याने रिकामी होती.

फेब्रुवारी २०११ मध्ये माणसांची फेरी झाली. २८ फेब्रुवारीच्या रात्री ज्यांना घरच नाही त्यांची मोजणी होती. एका रात्रीच्या जुन्या पद्धतीचा तेवढाच अंश उरला आहे. आमच्या गावात ती रात्र म्हणजे स्टेशन. फलाटाच्या कडेला, मुसाफिरखान्यात पथारी टाकलेल्या माणसाला हलकेच उठवून नाव-गाव विचारायचे. १८८१ च्या पटवाऱ्याने कंदील धरून केले असेल, तेच काम.

हिशेब आला तेव्हा देश १२१ कोटी, महाराष्ट्र सव्वाअकरा कोटी, अमरावती जिल्हा २८,८८,४४५. चांदूर रेल्वे वीस हजारांच्या जरा आत. चाळीस हजारांच्या आतले गाव म्हणून नगरपरिषद ‘क’ वर्गात. त्या खेपेला देशभर गाजलेली गोष्ट घरांच्या रकान्यांतून आली होती: ६३ टक्के कुटुंबांकडे फोन होता आणि स्वतःच्या आवारात संडास ४७ टक्क्यांकडेच. या दोन आकड्यांनी जे काम केले, ते शंभर भाषणांनी झाले नसते.

आणि तिथेच ही वाटचाल थांबली. १८८१ पासून एकही दशक न चुकलेली गणती २०२१ ला झाली नाही. आधी कोविड आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ. याचे मला वाईट वाटते आणि ते मी लपवत नाही. मधल्या काळात काय काय झाले पाहा. २०१४ मध्ये स्वच्छ भारत, २०१५ मध्ये शहरी घरकुल योजना, २०१६ मध्ये उज्ज्वला गॅस. म्हणजे संडास, छप्पर आणि चूल, घरयादीतले तीन कळीचे रकाने, २०११ नंतर बदलले आणि त्यांची दारोदार नोंद या खात्याकडे नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, पण त्याचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर बांधलेला. महाराष्ट्राला सुमारे सात कोटी लाभार्थी, त्यापुढे नाही. २०११ नंतर जन्मलेले पोर आज दहावीच्या उंबरठ्यावर आहे आणि त्या हिशेबात ते अजून जन्मलेलेच नाही. एखाद्या घरचे धान्य का वाढत नाही, याचे उत्तर कित्येकदा रेशन दुकानदाराच्या हातात नसते. ते या थांबलेल्या आकड्यात असते.

आता १६ जून २०२५ ची अधिसूचना निघाली आहे. १ मार्च २०२७ ही नव्या गणतीची संदर्भतारीख ठरली आणि घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ चा काळ. कागदाऐवजी मोबाइल असेल, स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय असेल आणि १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जातींची मोजणी असेल. गेरू बहुधा दिसणार नाही.

चांदूरकरांना, आणि कुठल्याही गावच्या वाचकाला, एका जुन्या प्रगणकाचे सांगणे आहे. आमच्या वेळी बरीच दारे अर्धीच उघडत. घरपट्टी वाढेल, रेशन कार्ड जाईल, अशी भीती. १९४८ च्या कायद्याने तुमचे उत्तर गुप्त ठेवायचे बंधन घातले आहे. कोर्टातही ते पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा प्रगणक आला की त्याला छपरीत बसवा. पाळण्यातले मूल सांगायला विसरू नका. ते बरेचदा राहून जाते. कापसाने भरलेली खोलीही सांगा. चुली दोन असतील तर दोन सांगा. आणि शेजारच्या घराला कुलूप असेल, तर ती माणसे कुठे गेली, तेवढे त्याला सांगा.